डोक्यावर ऊन, ओढ्यात लोंढा: पावसाळी भटकंतीला निघणाऱ्या मुंबईकरांसाठी

जुलैतला रविवार, सकाळचे साडेअकरा. कर्जतच्या आतल्या भागातल्या एका ओढ्यात आम्ही चौदा जण गुडघाभर पाण्यात उभे होतो. उघडीप पडली होती, चांगलं ऊन आलं होतं. पलीकडे भातलावणी चालली होती. बांधावरून एक मावशी ओरडल्या, "ओ दादा, पोरांना वर काढा. वरच्या अंगाला लागलाय." मी आभाळाकडे पाहिलं तर ते निळं होतं. त्यांनी हात लांब करून डोंगर दाखवला. माथा काळ्या ढगात पार गडप झाला होता.

थोडी कुरकुर करत आम्ही वर आलो. डबे उघडून पहिला घास घेईपर्यंत ओढ्याचं पाणी चहासारखं झालं आणि आमचे बूट ठेवलेला कातळ दिसेनासा झाला. पाऊस मात्र आमच्या अंगावर एक थेंबही पडला नव्हता.

तेव्हापासून गट नेताना मी आधी ओढ्याचा वरचा अंग बघतो. मुंबई, ठाणे, डोंबिवली, पनवेलहून दर शनिवार-रविवारी हजारो लोक धबधब्यांकडे निघतात. त्यातल्या बहुतेकांना शेवाळाची आणि खोल डोहाची भीती ठाऊक असते, वरून येणाऱ्या लोंढ्याची नसते.

पाणी इतकं अचानक येतं कुठून

एक साधा हिशेब मांडून बघा. ओढ्याला पाणी देणारा डोंगराचा उतार एक चौरस किलोमीटर धरा. त्यावर तासाभरात ५० मिमी पाऊस पडला, तर ते पाणी होतं पाच कोटी लिटर. आपल्या सोसायटीत येतो तसा दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यासमोर आणा, असे पाच हजार टँकर. जून कोरडा असेल तर यातलं बरंच जमिनीत मुरतं. जुलैच्या मध्यावर मात्र सह्याद्रीची माती चिंब झालेली असते, खाली काळा कातळ असतो आणि पाण्याला जायला एकच वाट उरते. ती वाट म्हणजे तुम्ही ज्यात उभे आहात तो ओढा. लोंढ्याचा वेग सेकंदाला तीन मीटर धरला, तर दोन किलोमीटर वरचं पाणी अकरा मिनिटांत तुमच्यापर्यंत येतं.

वाळवंटातल्या कोरड्या ओढ्यांना असाच पूर येतो, तिथलं कारण तेवढं वेगळं. आपल्याकडे माती भरलेली असते म्हणून पाणी घेत नाही. तिथे वरचा थर उन्हाने कडक झालेला असतो किंवा नुसता खडक असतो, झाडझाडोरा विरळ असतो, म्हणून पाणी थांबत नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यातही मान्सून असतो, १५ जून ते ३० सप्टेंबर हा त्याचा मोसम धरतात. तिथल्या अँटिलोप कॅन्यन नावाच्या अरुंद घळीत १२ ऑगस्ट १९९७ रोजी अकरा पर्यटक वाहून गेले. जोराचा पाऊस पडला होता तो घळीच्या कित्येक मैल वर. घळीत उतरताना त्यांना धोक्याची कल्पना यावी असं समोर फारसं काही नव्हतं. त्या मावशींनी हाक मारली नसती, तर आमचीही गत तीच झाली असती.

आपल्या देशातही याचे दाखले आहेत. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. तरीही ५ आणि ६ ऑगस्ट २०१० च्या मधल्या रात्री ढगफुटी झाली, चिखल आणि दगडगोट्यांचे लोट चोगलमसरच्या वस्तीवर आले आणि दोनशेहून जास्त माणसं गेली. बाडमेर जिल्ह्यातलं कवास गाव ऑगस्ट २००६ मध्ये पाण्याखाली गेलं. तिथे जमिनीखाली जिप्समचा थर असल्यामुळे पाणी मुरेना, ते पुढे कित्येक आठवडे साचून राहिलं. लडाखला, कच्छला किंवा राजस्थानला पावसाळ्यात जाणार असाल, तर कोरड्या पात्रात तंबू ठोकू नका आणि गाडीही उभी करू नका. वाळू कितीही मऊ, सपाट आणि मोहक वाटली तरी ती जागा पाण्याची आहे.

आदल्या रात्री

सगळ्यात आधी हवामान खात्याचा जिल्हावार इशारा बघा. बघताना मुंबईचा बघून थांबू नका. कर्जतला जायचं तर रायगडचा, बदलापूरला तर ठाण्याचा, भंडारदऱ्याला तर अहिल्यानगरचा (जुनं नाव अहमदनगर) आणि शेजारच्या नाशिकचाही. माथ्यावर जिल्ह्याची हद्द बदलते, पाणी हद्द पाळत नाही.

इशाऱ्यातल्या शब्दांना नेमके अर्थ आहेत. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ मिमी म्हणजे अतिमुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. माझा नियम असा: ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर ओढा, घळ, धबधबा यांतलं काहीच नाही, मग बसचे पैसे भरलेले असोत वा नसोत. यलो असेल तर किल्ल्याच्या अशा वाटेने जायचं, जिला मोठा ओढा आडवा येत नाही. यावर गटात वाद होतात. होऊ द्या, पण निर्णय घरी बसून घ्या. पायथ्याशी पोहोचल्यावर चौदा उत्साही चेहऱ्यांसमोर "परत जाऊ" म्हणणं फार अवघड जातं.

चोवीस तासांच्या आकड्यात एक फसगतही आहे. दिवसभर रिपरिप पडलेला ७० मिमी आणि दीड तासात कोसळलेला ७० मिमी कागदावर सारखेच दिसतात. ओढ्यासाठी ते वेगळे. ढगफुटी म्हणतात ती साधारण तासाला १०० मिमीच्या पावसाला, आणि तीही लहानशा भागात होते. म्हणून सकाळी निघण्यापूर्वी आणि वाटेत जिथे रेंज असेल तिथे पुढच्या तीन तासांचा तात्कालिक इशारा बघा आणि रडारचं चित्र उघडा. मुंबईत कुलाबा आणि वेरावली इथे रडार आहेत. त्यांची चित्रं हवामान खात्याच्या संकेतस्थळावर सगळ्यांना खुली असतात. ढगांचा पट्टा कोणत्या बाजूने सरकतोय एवढं त्यावरून कळलं तरी पुरे.

दुसरी गोष्ट मनाई आदेशाची. दर पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धबधबे आणि धरणांच्या परिसरात जायला बंदी घालतं. "तिकडून आडवाटेने जाता येतं" असं सांगणारा कोणीतरी भेटतोच. त्या आडवाटेवर अपघात झाला, तर मदत पथकाला तुम्ही नेमके कुठे आहात हे सापडायलाच तास जातो.

घरी एक निरोप लेखी ठेवा: गावाचं नाव, कोणती वाट, किती जण, किती वाजता परत रेंजमध्ये येणार, आणि त्यानंतर दोन तासांत फोन आला नाही तर कोणाला कळवायचं. आपत्कालीन क्रमांक ११२, जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८.

जागा निवडताना

सांदण दरी हे नाव आता सगळ्यांना माहीत झालंय. भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावातून उतरणारी ती अरुंद घळ, दोन्ही बाजूंना उभे कडे. हिवाळ्यात, उन्हाळ्यात जरूर जा, आयुष्यभर लक्षात राहील. पावसाळ्यात नाही. अँटिलोप कॅन्यनमध्ये जे झालं ते व्हायला लागणारी सगळी रचना तिथे आहे: पाणी आत येतं, आणि माणसाला बाजूला सरकायला जागाच नाही. सह्याद्रीतल्या कुठल्याही नाळेला, म्हणजे कड्यांमधल्या अरुंद, उताराच्या घळीला, हेच लागू आहे.

अशा नावाजलेल्या घळी सोडल्या तरी जागा पारखायची रीत सोपी आहे. उभं राहून स्वतःला विचारा, आत्ता पाणी कमरेएवढं वाढलं तर मी किती पावलांत कोरड्यावर जाईन? उत्तर दहा पावलांपेक्षा जास्त असेल किंवा "आधी त्या कड्यावर चढावं लागेल" असं असेल, तर ती जागा बसायची नाही. पात्राच्या मधोमध असलेला मोठा सपाट कातळ फोटोसाठी सुंदर असतो आणि तोच सर्वात वाईट. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातले पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभी असलेली ती माणसं महाराष्ट्राने मोबाईलवर पाहिली. पाणी वाढलं तेव्हा त्यांना दोन्हीकडचे काठ दिसत होते आणि एकही गाठता येत नव्हता. त्यात मुलंही होती. ते दृश्य आठवलं की आजही हात थंड पडतात.

पोहोचल्यावर पहिली पाच मिनिटं

बॅगा टाकून लगेच पाण्यात उतरू नका. आधी गावात कोणी भेटलं तर विचारा, "काका, काल रात्री वर पाऊस किती होता? हा ओढा येतो कुठून?" बहुतेक गावकरी आपणहून सांगतात, कारण मृतदेह शोधायला शेवटी त्यांनाच उतरावं लागतं. वर धरण किंवा बंधारा आहे का हेही विचारून घ्या. सांडवा वाहू लागला किंवा दरवाजे उघडले तर पाऊस नसतानाही पाणी चढतं.

मग काठावर पुराच्या खुणा शोधा. झुडपांत अडकलेलं वाळकं गवत, प्लास्टिक, काटक्या, सगळं एकाच उंचीवर दिसेल. तिथवर पाणी येऊन गेलंय. ही रेषा तुमच्या डोक्याच्या वर असेल तर जेवायची जागा तिच्याही वर हवी.

आणि आता खुणेचा दगड. पाण्याच्या कडेला अर्धा बुडालेला, न हलणारा एक दगड निवडा, सगळ्यांना दाखवा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. दर दहा मिनिटांनी एकाने त्याकडे बघायचं. पाणी बोटभर जरी चढलं तरी सगळे वर. या एका सवयीने आमचा गट दोन वेळा वेळेत बाहेर पडलाय. दोन्ही वेळा काही वाईट घडलं नाही, पाणी थोडं वाढून ओसरलं. तरी कोणी म्हणालं नाही की उगाच निघालो.

ज्याला दगड बघायचं काम दिलंय त्याने पाण्यात उतरायचं नाही. त्याच्या गळ्यात शिट्टी द्या. धबधब्याच्या आवाजात हाक ऐकू येत नाही, शिट्टी येते.

ओढा काय सांगतो

पहिली खूण रंगाची. नितळ पाणी गढूळ, तांबूस होऊ लागलं म्हणजे वर नवी माती सुटली आहे. दुसरी खूण, वाहून येणारा ताजा पालापाचोळा, हिरव्या डहाळ्या, फेस. तिसरी आवाजाची. खळखळ बदलून घरघर होते, कधी तळातले दगड एकमेकांवर आपटल्याचा ठक-ठक असा दबका आवाज येतो. वाऱ्याची एक गार झुळूक घळीतून खाली येते आणि तिला मातीचा वास असतो, असं आदिवासी वाड्यांवरची माणसं सांगतात. मी ती एकदाच अनुभवली आहे.

क्वचित पाणी एकदम कमीही होतं. वर झाड किंवा दरड कोसळून प्रवाह अडला की असं होतं, आणि तो बांध फुटला की सगळं एकदम येतं. म्हणून ओढा अचानक आटला तरी बाहेर पडायचं.

यातली एकही खूण दिसली की सामान सोडून द्या आणि चढाच्या दिशेने काटकोनात वर जा. ओढ्याच्या काठाकाठाने खाली पळू नका, पाणी तुमच्याहून वेगाने पळतं. मोबाईल, चपला, स्वयंपाकाचं पातेलं, काहीही परत आणायला जायचं नाही.

ओलांडावंच लागलं तर

वेगाने वाहणारं पंधरा सेंटिमीटर, म्हणजे वीतभराहूनही कमी पाणी मोठ्या माणसाचा पाय उचलू शकतं. लोकांना हे खरं वाटत नाही. पण प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो, त्यात तळ शेवाळलेला. म्हणून पाणी वेगाचं असेल आणि गुडघ्याच्या वर येत असेल, तळ दिसत नसेल, लाकडं वाहून येत असतील, किंवा खाली जवळच धबधबा असेल, तर ओलांडायचं नाही. यातली एकही अट लागू असली तरी नाही.

यातलं काहीच नसेल तर उतार शोधा, म्हणजे जिथे पात्र रुंद आणि उथळ होतं. अरुंद जागा एका उडीत पार होईल असं वाटतं, पण तिथेच पाणी खोल आणि वेगाचं असतं. बूट काढू नका. बॅगेचे छातीचे आणि कमरेचे पट्टे मोकळे करा, म्हणजे पडलात तर बॅग सोडता येईल. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, हातात भक्कम काठी, एका वेळी एकच पाय उचलायचा. लहान गट असेल तर तिघांनी एकमेकांच्या खांद्याचे पट्टे धरून एकत्र जावं, सर्वात वजनदार माणूस प्रवाहाच्या वरच्या अंगाला.

दोराबद्दल मात्र कळकळीने सांगतो: कमरेला दोर बांधून कोणालाही पाण्यात उतरवू नका. तो पडला तर ताणलेला दोरच त्याला पाण्याखाली दाबून धरतो. मी स्वतः सुरुवातीच्या वर्षांत हे केलंय आणि लोकांना शिकवलंयही. ते चूक होतं.

कोणी वाहून गेलाच, तर त्याने पाठीवर व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे, पावलं पाण्याच्या वर. वेगाच्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न केला की पाऊल दोन दगडांत अडकतं आणि प्रवाह माणसाला पुढे पालथा पाडतो. हाताने वल्हवत तिरकं काठाकडे सरकायचं. समोर पडलेलं झाड आलं तर त्याच्या खाली न जाता छातीच्या जोरावर वर चढायचं. काठावरच्यांनी दोर, ओढण्या बांधून केलेली लांब पट्टी, रिकामा बंद कॅन, जे हाताशी असेल ते फेकावं. मागे उडी मारू नये. आपला माणूस समोरून जाताना हे पाळणं किती कठीण आहे ते मला कळतं, पण वाचवायला उतरलेलाच बुडाल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात.

गाडी आणि शहरातले नाले

फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी थांबवा. तीस सेंटिमीटर वाहतं पाणी लहान गाडी सरकवतं, साठ सेंटिमीटर बहुतेक गाड्या वाहून नेतं. पुढचा टेम्पो गेला म्हणून तुमची गाडी जाईल असं नाही, आणि पाण्याखाली फरशी शाबूत आहे की वाहून गेली हे वरून दिसत नाही. इंजिन बंद पडलं आणि पाणी चढू लागलं तर पट्टा सोडा, काच लगेच खाली घ्या आणि बाहेर पडा. पाणी चढल्यावर दार उघडायला जोर पुरत नाही.

मुंबईतही ओढे आहेत, आपण त्यांना नाले म्हणायला लागलो एवढंच. दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या नद्या डोंगराकडून निघतात आणि दाट वस्तीतून खाडीकडे, समुद्राकडे जातात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्याला १०० मिमीही नव्हता. दक्षिण मुंबईतल्या ऑफिसात बसलेल्यांना आपल्या घराकडे काय चाललंय ते कळायलाच संध्याकाळ झाली. नदीकाठच्या वस्तीत राहणाऱ्यांनी पावसासोबत भरतीचं वेळापत्रकही जवळ ठेवावं. साडेचार मीटरच्या वर भरती असताना जोराचा पाऊस आला, तर पाण्याला समुद्रात जायला वाट मिळत नाही. महापालिका अशा दिवसांची यादी पावसाळ्याआधी देते, आणि तिचा मदत क्रमांक १९१६ आहे. साचलेल्या पाण्यातून चालत घरी आला असाल आणि पायाला जखम असेल, तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना दाखवा. लेप्टोवरची (अशा पाण्यातून जखमेवाटे होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापावरची) प्रतिबंधक गोळी त्यांच्या सल्ल्याने वेळेत घ्यावी लागते.

अडकलात तर

पलीकडे गाव दिसतंय, मधे ओढा भरून वाहतोय, अंधार पडायला तासभर आहे. सगळ्यात जास्त चुका याच वेळी होतात. कोणाला सोमवारी ऑफिस असतं, कोणाची आई घरी वाट बघत असते, शेवटची लोकल चुकणार असते. पण सह्याद्रीतले ओढे लहान पाणलोटाचे आहेत. ज्या घाईने चढतात त्याच घाईने पाऊस थांबल्यावर उतरतातही, बऱ्याचदा दोन-चार तासांत. तेवढं थांबण्याची तयारी प्रत्येक बॅगेत हवी: प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कोरडा कपड्यांचा जोड, टॉर्च, चिक्की किंवा गूळ-शेंगदाणे, मोठी प्लास्टिकची शीट. ओले कपडे आणि वारा यांनी पावसाळ्यातही माणूस गारठून बेशुद्ध होतो, म्हणून लहान मुलांना आधी कोरडं करा आणि मध्ये बसवा. मदत हवी असेल तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा.

बसायला पूररेषेच्या वरची, पण कड्याच्या थेट खाली नसलेली जागा घ्या, दरडीचे दगड सुटतात. घरच्यांना निरोप पोहोचत असेल तर "उशीर होईल" असं मोघम लिहू नका. "आम्ही सगळे सुरक्षित आहोत, पाणी उतरेपर्यंत हलणार नाही, कदाचित सकाळ होईल" असं लिहा, म्हणजे कोणी घाबरून तिकडून निघणार नाही.

मग टॉर्च घेऊन सकाळचा तो खुणेचा दगड शोधा. काठावरून शोधा, उतरू नका. तो दिसत नसेल तर बसून राहा. वरचं टोक उघडं पडलं की वेळ लिहून ठेवा आणि अर्ध्या तासाने परत बघा. फोटोत होता तेवढा उघडा झाला, पाणी पुन्हा नितळ होऊ लागलं आणि डोंगरमाथा मोकळा दिसला, म्हणजे उतार शोधायला निघायचं. रात्र असेल तर उजाडल्यावर.